कानश्टाटच्या म्हसोबाचा टीशर्ट

...आणि वर सासूबाई म्हणतात काय, "कापड मात्र झकास हो श्रीरंगराव, पाणी कसं चटकन ओढून घेतं!" ओढणारच! शुद्ध सुती होता तो! कापड वाईट होतं असं मी कुठं म्हणतोय? माझं म्हणणं एवढंच, की तो जुना नव्हता हो, रेट्रो होता!

थांबा, थांबा. प्रसन्न तिकडून हातवारे करतोय, पहिल्यापासून सांगा म्हणून. हा आपल्या मंडळाचा सेक्रेटरी. गणपतीच्या कार्यक्रमात दरवर्षी कुणीतरी विनोदी बोलायचं असतं, यंदा ते माझ्या गळ्यात मारलं यानं. मी म्हटलं, अरे, माझ्याकडे विनोदी काय आहे? तर म्हणतो, "काका, तुम्ही आपलं नेहमीचं बोला, लोक हसतात." म्हणजे बघा! मी बेकरीत जाऊन ब्रेड मागितला तरी ह्यांना हसू येतं!

तर पहिल्यापासून. यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या, व्हिसा जेवढं राहू देतो तेवढं राहायला. मी राहतो त्सुफेनहाउझेनला, तिसऱ्या मजल्यावर, एकटा. मुलगी मैथिली गार्चिंगला शिकते, म्युनिकच्या बाजूला, महिन्यातून एखाद्या शनिवारी येते, धुवायचे कपडे घेऊन. आणि शैला... शैला तुम्हाला माहीत आहे. नवीन मंडळींसाठी सांगतो, माझी बायको. मंडळाच्या स्वयंपाकघरात कशातही मीठ जास्त पडलं की जिला हाक मारायचे ना, ती. दीड वर्ष झालं तिला जाऊन. सासूबाईंना तेव्हा गुडघ्यांमुळे येता आलं नव्हतं. यंदा हट्टानं आल्या. "लेकीचं घर बघून घेते एकदा," म्हणाल्या.

असो. विनोदी बोलायचंय.

तुम्हाला सांगतो, माणसाच्या घरात त्याचा स्वतःचा असा एक कप्पा असतो की नाही? असतो. त्या कप्प्याला कुलूप असतं का? नसतं. का नसतं? कारण घरात तो एकटाच! एकटा माणूस कुलूप लावणार कुणासाठी? तर असा तो कप्पा, कपाटातला अगदी खालचा, आणि त्यात तो टीशर्ट, एकटाच, घडी घालून. कप्प्यात दुसरं काही ठेवायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता रिकाम्या कप्प्यात एकच विटका कपडा दिसला, की पुण्याची बाई काय समजणार? हे टाकायचं राहून गेलंय! बरोबर आहे त्यांचं. त्यांचं काहीच चुकलं नाही. फक्त तो जुना नव्हता हो, रेट्रो होता!

आणि ह्या सगळ्याचं मूळ कशात? तर केअरवोखेत! हसू नका, तुम्ही सगळे त्यातून गेलाय. आपल्या ह्या भागातल्या श्वाबी लोकांची ही पद्धत, की इमारतीचा जिना प्रत्येक घरानं पाळीपाळीनं पुसायचा, आणि पाळी आली की शेजारीण आपल्या दाराला ती पाटी अडकवून जाते. आमच्याकडे ही शेजारीण म्हणजे फ्राऊ क्युब्लर. एरवी माझ्याशी हवामानापलीकडे बोलत नाही, पण पाटी अडकवायला बरोबर सोमवारी सकाळी! सासूबाईंनी पाटी बघितली. "हे हो काय? नोटीस आली का?" मी म्हटलं, आई, नोटीस नाही, केअरवोखे, ह्या आठवड्यात जिना आपण पुसायचा. "केर? अहो, मग हा शब्द मराठीच की! आणि इतके दिवस मला सांगितलं नाहीत? मी बापडी खिडकीशी बसून गाड्या मोजतेय!" आणि पदर खोचला! बाहत्तर वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, पण केर म्हटल्याबरोबर डोळ्यांत अशी चमक, की जर्मन सरकारनं नागरिकत्व दिलं असतं तरी आली नसती.

"फडकं कुठंय?"

मी सिंकखालचं पाकीट काढून दिलं. पिवळी फडकी, दुकानातली. त्यांनी ते पाकीट हातात धरलं, जसं काही मी मेलेला पक्षी दिला. "विकतचं? फडकं विकत आणता तुम्ही?" म्हटलं, आई, इथं सगळे आणतात. "मग जुन्या कपड्यांचं काय करतात?" म्हटलं, कोपऱ्यावर लोखंडी पेटी असते, तिच्यात टाकून येतात. झालं! तुम्हाला सांगतो, माझी नोकरी गेली असती तरी त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं. "अहो, ज्या घरात फडकं विकत आणतात त्या घराला घर म्हणायचं का?" आणि खरंच आहे ते. आपल्याकडे कपड्यालाही चार आश्रम असतात. आधी बाहेर घालायचा, मग घरात, मग रंगपंचमीला, आणि मग फडकं म्हणजे संन्यास. आता ह्या रेट्रो टीशर्टची पंचाईत अशी, की तो दुकानातूनच वानप्रस्थात आलेला! नवा असतानाच विटका! त्यांनी तो ओळखायचा कसा?

कारण तो आला कसा हे त्यांना ठाऊकच नाही. ते तुम्हालाही ठाऊक नाही. सांगतो.

कानश्टाटला एका तळघरात एक रेस्टॉरंट होतं, टिकी-केलर. तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवेल. टिकी म्हणजे तिकडे पॅसिफिकमधल्या बेटांवरचा लाकडी देव. आता त्या बेटांचा आणि श्वाबी लोकांचा संबंध काय? काही नाही! पण साठ-पासष्टच्या सुमाराला इथं कुणाला तरी वाटलं, आपल्याला समुद्र नाही, तर निदान तळघरात करावा. मग काय, छताला चटया, बांबूच्या भिंती, फुगलेल्या माशांच्या पोटात दिवे, कोपऱ्यात पोपट, आणि मधूनमधून पन्हळीतून पाऊस पडायचा, टेपवर गडगडाट! शैला म्हणायची, "अहो, टेप अडकलीय वाटतं, मघापासून एकाच जागी गडगडतंय."

आम्ही नवीन आलो तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी आम्हाला मोठ्या कौतुकानं तिथं नेलं, तुम्हाला घरच्यासारखं वाटेल म्हणून! घरच्यासारखं! पण गंमत बघा, दारातच तो टिकी उभा. माणसापेक्षा उंच, वटारलेले डोळे, हे एवढे दात, समोर दगडाचं ताट. आणि शैला, नारायणपेठी नेसलेली, बोलता बोलता थांबली, सँडल काढले आणि हात जोडले! माझे साहेब, त्यांची बायको, सगळे खोळंबले जिन्यात. मी म्हटलं, अगं, काय करतेस? तर म्हणते, "अहो, हा वेशीवरचा म्हसोबाच की. इकडे कुणी नारळ फोडत नसणार, म्हणून असा वखवखलाय."

तिथला वेटर हेर हेबर्ले. अंगात फुलाफुलांचा शर्ट, चेहरा मात्र बारशालासुद्धा दुखवट्याला आल्यासारखा. त्यानं सँडलकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, म्हसोबाकडे बघितलं. मला वाटलं, आता हा हाकलतो. त्यानं काय करावं? वाकून ते सँडल उचलले आणि म्हसोबाच्या पायाशी नीट जोडीनं लावून ठेवले. "सो," म्हणाला, "सो इस्ट एस रिष्टिग." हे असं बरोबर आहे!

मग काय, दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही तिथंच. शाकाहारी माणसाला खायला तिथं होतं काय? अननसाचा भात आणि पिठात बुडवून तळलेलं केळं. "केळ्याची भजी खायला सातासमुद्रापार आणलंत मला," हे वाक्य दर वर्षी! मैथिली लहानपणी त्या म्हसोबाच्या दातांवर बोट फिरवायची. आणि हेर हेबर्ले आम्ही दिसलो की स्वतःहून हात पुढे करायचा, "बिट्टं, डी शूऽऽऽ!" द्या ते सँडल!

मार्क गेला, युरो आला, त्याच सुमाराला टिकी-केलर बंद पडलं. माशांचे दिवे विकले, पोपट विकले, म्हसोबा कुणीतरी बागेत नेऊन उभा केला म्हणे. शैला म्हणाली, "आता खरा पाऊस लागेल हो त्याला."

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका रविवारी जुन्या बाजारात निळ्या केसांची एक बाई टीशर्ट विकत होती. छातीवर हाच म्हसोबा! तेच डोळे, तेच दात, खाली टिकी-केलर! शैलानं टीशर्ट हातात घेतला, उजेडात धरला. "हे विटलंय. रंगाला चिरा पडल्यात. कमी करा." ती बाई कळवळून सांगतेय, नाइन, नाइन, आल्ट म्हणजे जुना नाही, रेट्रो! नवाच आहे, दगड घालून धुतलाय, म्हणून असा दिसतो. शैला म्हणाली, "म्हणजे आमचा धोबी जे फुकटात करतो, त्याचे ही पैसे घेते?" तरी घेतला. मी म्हटलं, अगं, ह्या वयात छातीवर म्हसोबा घालून फिरू? असला विटका? आणि तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, त्या निळ्या बाईचा आवाज काढून, "जुना नाही हो, रेट्रो आहे!"

माझं नाहीच ते वाक्य. तिचं आहे. मी आपलं वापरतो.

मी तो थोडे दिवस घातला. मग... मग त्या शरद ऋतूत तिचं सुरू झालं. दवाखाना, सलाईन, ते सगळं. गळ्याशी नळी लावलेली, ब्लाउज टोचायचे, कुर्त्याचे गळे घासायचे. जन्मात कधी टीशर्ट न घातलेली बाई, एक दिवस म्हणाली, "तुमचा तो म्हसोबा द्या हो, गळा सैल आहे त्याचा." तेव्हापासून तोच. मी घरी आणून धुवायचा, वाळवायचा, परत न्यायचा. केस गेले तेव्हा आरसा बघून म्हणाली, "आता जोडी जुळली आमची. दोघं लाकडी." नर्स विचारायची, आज कसं वाटतंय? तर ही टीशर्टकडे बोट दाखवून सांगायची, "इष् बिन निष्ट क्रांक. इष् बिन रेट्रो." आजारी नाही म्हणे मी, रेट्रो आहे! अख्खा वॉर्ड हसायचा. मी पण हसायचो. काय करणार? दुसरं काय येतं आपल्याला?

एवढंच मला बजावलं होतं तिनं. "आईला ह्यातलं काही कळू देऊ नका. फोटो पाठवाल तो नारायणपेठीतला पाठवा." मी तोच पाठवला. तोच आमच्या भिंतीवर आहे, तोच पुण्याला. सासूबाईंच्या लेखी लेक शेवटपर्यंत नारायणपेठीत होती.

आता कळलं? आता सांगा! तिसऱ्या मजल्यावर ऑफिसातून येतोय मी, जिना लखलखतोय, फ्राऊ क्युब्लर, जी हवामानापलीकडे बोलत नाही, ती रेलिंगवरून बोट फिरवून बघतेय आणि म्हणतेय, "इहरं श्वीगरमुटर! साऊबर, साऊबर!" तुमच्या सासूबाई म्हणजे स्वच्छतेत अव्वल! मी खूश! दार उघडलं, फोडणीचा वास! बाल्कनीत दोरीवर बघतो तर म्हसोबा माझ्याकडे बघतोय. अर्धाच! नाकाखाली काही नाही! आणि शेजारच्या चिमट्यात दात! नुसते दात!

"आई... हे..."

"अहो, तुमच्या खालच्या कप्प्यात एक विटका बनियन सापडला." बनियन! "चार फडकी झाली बघा. काठ पण शिवलेत, सुटायचे नाहीत."

खरंच काठ शिवले होते हो. बारीक टाके, सरळ, एकसारखे. हाच टाका शैलाचा होता. ह्यांच्याकडूनच तिच्याकडे गेलेला.

मी तोंड उघडलं. तुम्हाला सांगतो, म्हणणारच होतो. पण म्हणणार काय? 'आई, हा बनियन नव्हे, हा शैलाचा...' मग पुढचं सगळं सांगावं लागणार. केस, नळी, सगळं. त्या समोर उभ्या, हातात कात्री, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडावर समाधान. घराच्या उपयोगी पडल्याचं. मी म्हटलं, "छान केलंत, आई. जुनाच होता."

म्हटलं मी! माझ्या तोंडानं!

बरं, झालं ते झालं. चार फडकी झाली ना? नाही! पाठीच्या दोन फडक्यांचं एक वेळ सोडून द्या. पण डोळ्यांचं फडकं त्यांनी लावलं फोटोला! रोज सकाळी अंघोळ करून यायचं आणि शैलाची काच पुसायची, त्याच म्हसोबानं, हळूच, कपाळापासून सुरुवात करून. आणि दात? दात जिन्याला! क्युब्लरबाईंच्या दारापुढं म्हसोबाचे दात खरडतायत! मी सुटकेचे प्रयत्न केले. एक दिवस दात चोरले आणि कोटाच्या खिशात घालून ऑफिसला गेलो. मीटिंगमध्ये शिंक आली, रुमाल म्हणून काढला, टेबलावर दात! आणि आमचा तो म्हातारा ड्राफ्ट्समन, पेन्शनीला आलेला, तो एकदम उठून उभा! "टिकी-केलर! मेन्श! तो पाऊस आठवतो?" मी म्हटलं, हो. आठवतो. "आणि तो गडगडाट!" म्हटलं, हो, अडकायची ती टेप. मग मीटिंग ज्या सुट्या भागांसाठी होती, ते बराच वेळ कुणालाच आठवेनात. संध्याकाळी घरी येतो तर दारात सासूबाई. "श्रीरंगराव, जिन्याचं फडकं सबंध घरात शोधलं मी. तुम्हाला कशाला लागलं ऑफिसात? तिथं पण तुम्हालाच पुसायला लावतात का?"

दिलं काढून. काय करणार!

आणि मग शनिवारी आली मैथिली. मी तिला फोनवर सांगणार होतो, पण असलं फोनवर सांगायचं कसं? म्हटलं, स्टेशनवर घ्यायला जाईन, वाटेत सांगेन. ती लवकरची गाडी पकडून आली! दार उघडलं, पाठीवर कपड्यांची बॅग, आणि समोर आजी फोटो पुसतेय. पोरीचं मराठी म्हणजे कळतं सगळं, बोलते जर्मन. किंचाळलीच. "पापा! दास इस्ट डॉख मामास टीशर्ट!" हा तर तिच्या आईचा टीशर्ट, म्हणतेय!

मी धावलो. "गेनाऊ, गेनाऊ, बरोबर, बरोबर! तर मैथिली, चहा घेणार का? आई, ती म्हणतेय चहा हवा!"

काय उपयोग? जन्मापासून पोरगी शैलाला 'मामा' म्हणते, हे आजीला ठाऊक नसेल का? पोरीनं आजीच्या हातातून फडकं ओढून घेतलं आणि नाकाला लावलं. कशाचा वास येणार? आजीनं साबणाच्या पाण्यात उकळून काढलेलं. मग ती रडत रडत बोलत राहिली, क्लिनिक म्हणाली, मामा म्हणाली, डोक्यावरून हात फिरवून दाखवला. सासूबाई एकदा तिच्याकडे बघतायत, एकदा माझ्याकडे, एकदा फोटोतल्या नारायणपेठीकडे. मी चहा टाकला. साखर दोनदा घातली.

त्या काही म्हणाल्या का? नाही. मी काही म्हटलं का? नाही. सासू-जावयाचं नातं, अहो-जाहोचं. अहो-जाहोत रडता येत नाही हो. त्याला अरे-तुरेच लागतं, आणि मला अरे-तुरे करणारं... जाऊ दे.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय बघतो? शैलाची काच पदरानं पुसली जातेय. आणि जिन्यावर पिवळं फडकं. विकतचं! पुण्याच्या बाईनं विकतचं फडकं हातात घेतलं! तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं कळलंय. आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. आणि आम्ही दोघांनी मिळून उपमा खाल्ला आणि म्हणालो, आज ऊन बरं पडलंय. क्युब्लरबाईसारखं, हवामानापुरतं!

गेल्या आठवड्यात त्या परत गेल्या. विमानतळावर व्हीलचेअर आली, ती ढकलणारा घाई करतोय, आणि ह्या पर्समध्ये काहीतरी शोधतायत. मला वाटलं पासपोर्ट! घाम फुटला मला! तर त्यांनी बाहेर काढली दोन फडकी. इस्त्री केलेली. घडी घातलेली. मांडीवर शेजारी शेजारी ठेवली, बोटानं काठ सारखे केले. मग वर न बघता म्हणाल्या,

"श्रीरंगराव, जुना नव्हता ना हो तो?"

आता तुम्हीच सांगा. माझं वाक्य! इतके दिवस घशाशी धरून ठेवलेलं! आयतं समोर आलेलं! जुना नव्हता आई, रेट्रो होता, तुमच्या लेकीचा होता!

मी म्हटलं, "जुनाच होता, आई."

त्यांनी मान हलवली. मग एक फडकं उचलून माझ्या हातात दिलं, दुसरं पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली. म्हणाल्या, "डोळे मी नेते. ते रोज माझ्याकडे बघायचे, सवय झालीय. दात असू देत तुम्हाला." आणि गेल्या. त्या ढकलणाऱ्यानं वळणावरून नेल्या. मी हात हलवत होतो, हातात फडकं.

तर असं आहे. परवा सोमवारी पुन्हा पाटी लागलीय दाराला, जिना मी पुसला. पिवळ्यानं. घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. डोळे पुण्याला गेले, रडायचं खातं त्यांनी नेलं. आणि हा प्रसन्न मला विचारतो, काका, तुम्ही बोलायला लागलात की लोक हसतात कसे?

अरे, हसणारच बाबा. वाटणीत दात माझ्याकडे आलेत ना!